काचेपाशी घासणं नको

रत्नागिरीत दातांच्या लॅबमध्ये मी २२ वर्षं काम करते. कॅप, ब्रिज, कवळ्या, जे येईल ते. कॅप दातावर जिथे संपते त्या रेषेला आम्ही मार्जिन म्हणतो आणि आमचं निम्मं आयुष्य त्या केसाएवढ्या रेषेपायी जातं. त्यामुळे भाच्याने अर्धवट जोडलेलं प्लॅस्टिकचं विमान माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, ही काच बसतच नाही गं," तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम. काच म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण. पहिल्या दोन काचा मी वाया घालवल्या. तिसरी बसली. तेव्हापासून काचेची कामं तो माझ्याकडेच आणून टाकतो.

मॉडेलच्या बाकीच्या सांध्यांत काही अवघड नसतं. फट दिसली की पुट्टी जरा चढवूनच भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासून सपाट करायची. काचेपाशी हाच प्रकार केला की कागदाचा एक फटकारा काचेवर बसतोच, आणि शेजारची उठावाची फ्रेमही झिजून जाते. म्हणून मी एक ठरवून टाकलंय: काच चिकटल्यानंतर घासावं लागेल असं तिच्याभोवती काही भरायचंच नाही. ओल्या बोळ्याने पुसून निघेल असं भरायचं, नाहीतर काच चिकटवण्याआधीच फट संपवायची.

उदाहरण घेते ते भाच्याच्याच विमानाचं. १/७२ मापाचा वेस्टलँड लायसँडर, साचा जुना. हे विमान त्याने निवडलं त्याला कारण होतं. १९४१ मध्ये बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडाने भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला १२ लायसँडर दिले होते, आणि १९४२ च्या फेब्रुवारीत जंबो मजुमदारांच्या हाताखाली हीच स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टाउंगूला गेली. टेहळणीसाठी बनवलेल्या या संथ विमानांना बॉम्ब लावून त्यांनी जपान्यांच्या तळांवर हल्ले केले. गोष्ट उत्तम, पण मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने लायसँडर म्हणजे उडतं ग्रीनहाउस. वैमानिकापासून मागच्या गनरपर्यंत सलग काच, आणि पंखाचं मूळ थेट त्या काचेच्या वरच्या कडेला येऊन टेकतं. म्हणजे फट खाली, पुढे, मागे आणि वरसुद्धा.

फट केवढी ते आधी मोजा. माझ्याकडे होती ती डावीकडे ०.२ मिलिमीटर आणि उजवीकडे मागच्या कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरच्या वर. ०.२ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ७२ ने गुणा: खऱ्या विमानात जवळजवळ दीड सेंटीमीटर. ताशी ३४० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाच्या खिडकीखाली बोट जाईल एवढी फट कोणी ठेवत नाही, म्हणून ती बघणाऱ्याच्या डोळ्यालाही लगेच खटकते.

आता ती फट येते कुठून? बहुतेक वेळा काचेचा दोष नसतोच. विमानाचं धड दोन अर्धांचं असतं. ते जोडताना आतली कॉकपिटची भिंत किंवा सीटमागचं आडवं पार्टिशन किंचित मोठं राहिलं की धड फुगतं, काच अरुंद पडते. किंवा उलटं, धड दाबून चिकटवलं की काच दोन्हीकडे बाहेर डोकावते. म्हणून धड जोडण्याआधीच अर्धे टेपने बांधून वर काच ठेवून बघा. फुगलं असेल तर पार्टिशन घासा. अरुंद असेल तर स्प्रूचा, म्हणजे मॉडेलचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांडीला जोडून येतात तिचा, तुकडा कापून आत आडवा टेकू द्या. ही १० मिनिटं वाचवायला गेलात तर पुढे दोन संध्याकाळी जातात.

काच कुठे टेकते आणि कुठे अधांतरी आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. दात भरल्यावर डॉक्टर "चावा बघू" म्हणून निळा कागद देतात ना, तो आर्टिक्युलेटिंग पेपर इथे फार कामाचा. एकाच बाजूला रंग असलेला घ्यायचा, रंगाची बाजू धडाकडे करून काच आणि धड यांच्यामध्ये धरायची, आणि काच जागेवर हलकेच दाबायची. धडाच्या कडेवर जिथे निळा ठिपका उठेल ती जागा उंच. तिथेच कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा कागद, पुन्हा दोन हात. तो कागद नसेल तर धडाची कड २बी पेन्सिलीने काळी करा आणि काच ठेवून उचला; काचेच्या कडेला जिथे शिसं लागलं तिथे ती टेकतेय. लायसँडरमध्ये मला उजवीकडे पुढे एकच उंचवटा सापडला. तो गेल्यावर मागची अर्ध्या मिलिमीटरची फट आपोआप निम्मी झाली.

काच स्प्रूवरून सोडवताना कटर तिच्या अगदी जवळ लावू नका. पारदर्शक भाग पॉलिस्टायरिनचेच असतात, पण करड्या भागांपेक्षा ठिसूळ. कटरच्या चिमट्याने जो ताण बसतो त्याने पांढरी चीर थेट काचेत धावते. दूरवर कापायचं, उरलेला खुंट बारीक करवतीने काढायचा आणि कागदावर घासायचा. आता घासायला हरकत नाही, काच अजून हातात सुटी आहे.

यानंतर काच ॲक्रिलिक ग्लॉस वार्निशमध्ये बुडवून काढायची. चिमट्याने धरून बुडवा, बाहेर काढून खालचा कोपरा टिश्यूला टेकवा म्हणजे जादा थेंब ओढला जाईल, आणि डबा उपडा घालून दोन दिवस विसरून जा. डबा धुळीसाठी. या थराने काच चकचकीत दिसते हा एक भाग. बारीक ओरखडे त्यात बुजतात, आणि गोंदाची वाफ थेट प्लॅस्टिकवर बसत नाही. पुढे ही काच अमोनिया असलेल्या स्प्रेने कधी पुसू नका, तो हा थर विरघळवतो.

वाफेवरून माझी पहिली वाया गेलेली काच. जुलै महिना, बाहेर धो धो, खोलीत कपडे वाळत टाकलेले. मी सायनोचा झटपट गोंद लावून काच बसवली आणि खूश होऊन झोपले. सकाळी आतल्या बाजूने पांढरं धुकं. नीट बघितलं तर त्या धुक्यात माझ्या अंगठ्याचा ठसा, एकेक वळ्यासकट. सायनोची वाफ ओलावा आणि बोटाचं तेल जिथे असेल तिथे घट्ट होऊन बसते. गुन्ह्याच्या जागी बोटांचे ठसे उठवायला हीच युक्ती वापरतात. बाहेरून पुसता आलं असतं. आतून कसं पुसणार? कोकणातल्या पावसाळ्यात तरी सायनो काचेच्या आसपास आणू नये असं माझं मत आहे. बुडवलेल्या काचेला धोका कमी, पण मी आणतच नाही.

दुसरी काच माझ्या शहाणपणात गेली. लॅबमध्ये कवळी जोडायचा कोल्ड क्युअर असतो, पावडर आणि मोनोमर नावाचा द्रव. म्हटलं, पारदर्शक पावडर आहे, छान भरेल. मोनोमरचा थेंब फटीत सोडला आणि बघता बघता काचेत कोळ्याचं जाळं पसरलं. तो द्रव पॉलिस्टायरिन खातो. ट्यूबमधल्या सॉल्व्हंटवाल्या पुट्टीचं आणि पातळ प्लॅस्टिक सिमेंटचंही तेच, फक्त वेग कमी. पातळ सिमेंट तर आणखी लबाड, फटीतून आत ओढलं जातं आणि मास्किंग टेपच्या खाली जाऊन काच चाटतं. काचेपासून लांब, धडाच्या सांध्याला ते बिनधास्त वापरा.

आता खरं भरणं. फट केसाएवढी असेल तर फेव्हिकॉलइतकं सोपं काही नाही. एमआरची छोटी बाटली पुरते. टूथपिकच्या टोकाने फटीवर ओढायचा, मग कापसाची काडी पाण्यात बुडवून, टिश्यूवर टिपून घ्यायची आणि सांध्याच्या दिशेने एकदाच फिरवायची. आडवी फिरवली की फटीतला गोंदही बाहेर येतो. पांढरा असतो तोवर घाबरायला होतं, वाळला की काचेसारखा होतो. पण त्यात पाणी असतं, म्हणून वाळताना खाली बसतो. दोनदा, कधी तीनदा भरावा लागतो. मे महिन्यात एका रात्रीत वाळतो, जुलैत मी दोन दिवस सोडते आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकते. एक लक्षात ठेवा: वाळलेला फेव्हिकॉल घासता येत नाही, रबरासारखा गुंडाळतो. चुकलं तर ओल्या काडीने मऊ करून काढून टाका आणि पुन्हा भरा.

फट पोस्टकार्डाच्या जाडीची असेल तर पाण्याची ॲक्रिलिक पुट्टी. व्हॅलेहोची येते, डीलक्सची परफेक्ट प्लॅस्टिक पुट्टी येते, दोन्ही पाण्याने पुसता येतात. इथे टेपची मदत घ्यायची. काचेच्या फ्रेमच्या खालच्या रेषेला एक पट्टी, धडावर अर्ध्या मिलिमीटरवर दुसरी, मधल्या गल्लीत पुट्टी. मी लेक्रॉन कार्व्हर या लॅबमधल्या कोरायच्या हत्याराच्या चपट्या पात्याने दाबते, तुम्ही आइस्क्रीमची काडी तासून घ्या. मग ओली काडी एकदाच. आणि पुट्टी ओली असतानाच टेप काढायची, धडाकडची आधी, अंगाशी दुमडत. वाळू दिली की टेपेबरोबर पुट्टीची कड तुटून येते आणि तिथे जी खडबडीत पायरी राहते ती घासावीशी वाटते. घासायचं तर नाही.

अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे मात्र काच चिकटवून भरायच्या फंदात पडू नका. कवळी सैल झाली की आम्ही ती फेकत नाही, रीलाइन करतो. तोंडाचा आकार बदललेला असतो, म्हणून आतून नवा थर देऊन त्याच तोंडावर बसवून घेतो. तेच इथे करायचं. दोन भाग मळून होणारी एपॉक्सी पुट्टी घ्या, मिलिपुट किंवा कोणतीही बारीक पोताची. तिच्यात सॉल्व्हंट नसल्यामुळे काच खात नाही, आणि वाळताना जवळजवळ आकसत नाही. शेवयांसारखा बारीक दोरा वळा आणि धडाच्या कडेवर, जिथे फट आहे तेवढ्याच लांबीत ठेवा. काचेच्या खालच्या कडेला टूथपिकने व्हॅसलीनचा अगदी पुसट हात फिरवा. आता काच जागेवर बसवून सगळीकडून सारखं दाबा. वरून बघा, समोरून बघा, काच एका बाजूला झुकलेली नाही ना. दाबल्यावर पुट्टी बाहेर आणि थोडी आतही येईल. बाहेरची ओल्या पात्याने कापून सपाट करा, आतली राहू द्या.

रात्रभर सोडा. सकाळी काच हलक्या हाताने उचला, व्हॅसलीनमुळे सुटते. नाही सुटली तर पात्याने उचकटू नका, एका कोपऱ्याशी पाण्याचा थेंब सोडून बोटांनी डावीउजवीकडे हलवा. धडावर तुमच्या काचेच्या कडेचा हुबेहूब ठसा उठलेला असेल, बारीक खळगीसकट. आता घासा मनसोक्त! काच बाजूला डब्यात आहे. आत आलेली पुट्टी पात्याने तासा, बाहेरची ६०० च्या कागदाने धडाशी एकजीव करा, मग काच आणि कड दोन्ही साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर व्हॅसलीनवर गोंद धरणार नाही. लायसँडरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात फट निम्मी झाली होती, तरी मी हेच केलं. नंतर काच ठेवली तेव्हा "टक" असा बारीक आवाज झाला. लॅबमध्ये कॅप दातांच्या साच्यावर नीट बसली की येतो तोच.

अरुंद पण लांब फटीला ताणलेला स्प्रूही चालतो. करडा स्प्रू स्पिरिटच्या दिव्यावर फिरवत चमक येईपर्यंत तापवायचा, ज्योतीपासून बाजूला घ्यायचा आणि मग ओढायचा. ज्योतीतच ओढलात तर तुटून पेटतो. मिळालेली तार फटीत दाबून फेव्हिकॉलने धरायची. मला हे फार आवडत नाही, तारेची गोलाई रंगाखाली दिसते, पण भाच्याला आवडतं.

काच चिकटवायला मी पांढरा गोंदच वापरते, कडेकडेने पातळ. तो पकडतो सावकाश, त्यामुळे १० मिनिटं काच इकडेतिकडे सरकवता येते. चिकटवण्याआधी आत एकदा फुंकर मारा आणि टॉर्च लावून बघा. कापसाचा एक तंतू आत राहिला की तो बरोबर वैमानिकाच्या डोक्यावर दिसतो.

लायसँडरचं वरचं प्रकरण वेगळं. पंखाचं मूळ काचेला टेकतं, म्हणून पंखाचं वजन काचेवर येऊ द्यायचं नाही. चाकांपासून पंखापर्यंत जाणारे तिरपे दांडे आहेत, खऱ्या विमानात तेच भार घेतात. मॉडेलमध्येही त्यांनाच घेऊ द्या. पंख २१ सेंटीमीटरच्या थोडा वर भरतो, टोकाला जरा धक्का लागला तरी मुळाशी सांधा उघडतो. मी दोन्ही टोकांखाली काड्यापेट्या रचून, दांडे चिकटवून, एक अख्खा दिवस गेल्यावर मगच मुळाशी फेव्हिकॉल भरला. आधी भरला असता तर तडकलाच असता. इथे पुट्टी नकोच, कारण वरून पुसायला काडी शिरत नाही. पातळ केलेला फेव्हिकॉल ब्रशच्या टोकाने सोडला की फट स्वतःच ओढून घेते.

आता मास्किंग आणि रंग. मास्किंग म्हणजे काचेचे चौकोन टेपच्या तुकड्यांनी झाकायचे आणि फक्त फ्रेम उघडी ठेवायची. फ्रेमवर पहिला हात आतल्या रंगाचा, रॉयल एअरफोर्सच्या विमानांना करडा-हिरवा, म्हणजे काचेतून आत बघितलं की फ्रेमची मागची बाजू बरोबर दिसते. त्यावर करडा प्रायमर. हा प्रायमर म्हणजे तपासणीस. पारदर्शक आणि पांढऱ्या गोष्टींत डोळा फसतो, सगळं एका रंगात आलं की राहिलेली फट काळ्या रेषेसारखी उठून दिसते. माझी एक राहिलेली होती, पुढच्या विंडस्क्रीनच्या मुळाशी, जेमतेम ३ मिलिमीटर. टूथपिक, फेव्हिकॉल, ओली काडी, एक रात्र, पुन्हा प्रायमर. वाळलेल्या फेव्हिकॉलवर रंग चढलाच पाहिजे, उघडा राहिला तर दमट हवेत मऊ पडतो.

एवढं करूनही काचेवर ओरखडा आलाच तर? २००० चा कागद पाण्यात भिजवून एकाच दिशेने, मग ३००० चा आडव्या दिशेने, आधीचे ओरखडे गेलेले दिसेपर्यंत. मग प्लॅस्टिकचं पॉलिश कंपाउंड मऊ फडक्यावर. टूथपेस्टने होतं, वेळ लागतो. लॅबच्या लेथवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, मी एकदा मोह झाला म्हणून काच धरली होती. कवळ्या रोज धरते, त्या जाड असतात. पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि ही काच जेमतेम मिलिमीटरभर. चाकाखाली क्षणात तिचा कोपरा वाकला. सुदैवाने ती आधीच धुकं धरलेली होती. नंतर ग्लॉसचा एक हात ब्रशने दिला की पॉलिशची जागा शोधून सापडत नाही.

मास्क काढताना टेपच्या कडेने नव्या पात्याचं नुसतं टोक फिरवा, दाब देऊ नका, मग टूथपिकने कोपरा उचला. लायसँडरच्या काचेवर मी मोजून ४१ तुकडे चिकटवले होते. भाचा शेजारी बसून एकेक उचलत होता, आणि गनरच्या मागचा शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्याखाली टेपचा गोंद राहिलेला दिसला. "घासू का?" म्हणाला. मी त्याच्या हातात ओली काडी दिली.